सॅडलीवरचा हक्क

ती बाई माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत होती. सोमवारी सकाळी कुणी माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलेलं मला खपत नाही. दातात काही अडकलंय की काय अशी शंका येते आणि मग दिवसभर जीभ तिथेच जात राहते. बाई साठीची असावी. तपकिरी कोट, डोक्याला बांधलेला रुमाल, हातमोजे काढून काउंटरवर एकावर एक नीट ठेवलेले. आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत दोन खुर्च्या आहेत. डावीकडे बेरिल बसते. तिच्याकडे विकाऊ बाबागाड्या, हरवलेली कुत्री आणि भाड्याच्या खोल्या. उजवीकडे मी. माझ्याकडे जन्म, लग्न, मृत्यू आणि स्मरण. स्मरणाच्या सदरासाठी माझ्याजवळ एक जाडजूड फाईल आहे, तिच्यात चार-चार ओळींची कडवी नंबर घालून चिकटवलेली आहेत. लोक येतात आणि म्हणतात, आईला गेल्या वर्षीचंच, सतरा नंबर. एका घरात तर दोन बहिणी चौतीस नंबरवरून वर्षभर बोलत नव्हत्या. गावात पेपर येतो शुक्रवारी, आणि पहिलं पान सोडून सगळे आधी माझं पान उघडतात. कोण गेलं यापेक्षा कुणी कुणासाठी काय छापलं, याची लोकांना जास्त उत्सुकता असते.

"स्मरणात द्यायचंय," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा की बेरिलने वर बघितलं. मी तारीख विचारली. अकरा फेब्रुवारी. अकरा फेब्रुवारी ही माझ्या नवऱ्याची, क्लिफचीही तारीख, पण माझ्या मनात काही आलं नाही. आमच्या दऱ्यांमध्ये फेब्रुवारीत माणसं पुष्कळ जातात. मी फाईल पुढे सरकवली, तर तिने मान हलवली.

"कविता नको बाई. ते 'सॅडली मिस्ड' म्हणून छापतात ना, तेवढंच हवंय. पण मी घरची नाही हो. नात्यातली नसलेल्या बाईला तो शब्द चालतो का? उगाच कुणाला खुपायला नको."

आता या विषयावर माझ्याइतकं अधिकाराने बोलणारं माणूस दोन गावांत मिळायचं नाही. 'मिस्ड' म्हणजे उणीव भासते, आणि सॅडली म्हणजे दुःखाने, खेदाने. एवढं शाळेतलं पोरही सांगेल. पण तो शब्द कुठे बसतो आणि कुणाच्या तोंडी शोभतो, हे चार वर्षं त्या खुर्चीत बसल्यावर कळतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. 'डिअरली', म्हणजे जिवाभावाने, लागतं ते घरच्यांना, त्यावर बायको-मुलांचा हक्क. 'सोअरली', म्हणजे जिवाला लागेल असं, घालतात ती मोठ्या कुटुंबाची, दारात रडणारी माणसं. सॅडलीचं तसं नाही. सॅडली शेजाऱ्याला चालतं, क्लबला चालतं, कारखान्यातल्या सोबत्यांना चालतं. त्या शब्दाला कुणी नातं विचारत नाही. आणि गंमत बघा, मी म्हणाले, आपल्याकडे कुणी तो शब्द तोंडाने बोलत नाही. सवतीच्या मयतालासुद्धा बाई 'वाईट वाटलं' म्हणते, 'सॅडली' म्हणत नाही. तो फक्त कागदावर राहतो. तुम्ही बिनधास्त घाला.

ती एकेक शब्द माझ्या ओठांवरून उचलत असल्यासारखी ऐकत होती. सगळं झाल्यावर तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग सॅडलीच," ती म्हणाली. "तोच हवा होता मला. तुम्ही छान समजावता हो."

"नाव?" मी फॉर्मवर पेन टेकवलं.

बेरिल तेव्हा फोनवर एका कुत्र्याचं वर्णन लिहून घेत होती म्हणून तिला ऐकू गेलं नाही. आणि बाईनेही नाव अगदी हळू घेतलं, इतका वेळ ओरडून बोलणारी ती बाई. "सग्डन," ती म्हणाली. "क्लिफर्ड सग्डन."

माझा हात थांबला नाही. सग्डन लिहायची त्याला तीस वर्षांची सवय आहे. मी नाव लिहिलं, तारीख लिहिली, 'सॅडली मिस्ड' लिहिलं, आणि खाली काय घालू म्हणून विचारलं. माझाच आवाज मला बेरिलच्या खुर्चीतून आल्यासारखा वाटला. "नुसता ई," ती म्हणाली. फॉर्मच्या मागे जाहिरात देणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता घ्यायचा नियम आहे, तो छापत नाहीत. मिस एडिथ लंब, चौदा, गार्डन स्ट्रीट, थॉर्नक्लफ. 'मिस'वर तिने जोर दिला. हातमोजे चढवले, माझ्या ओठांकडे बघून मान हलवली आणि गेली. दार लोटताना थंड वाऱ्याचा झोत आत आला, आणि बेरिल फोनवर हात ठेवून म्हणाली, "बहिरी होती का गं ती?"

चार वर्षं मी क्लिफ सग्डनची विधवा आहे आणि त्या जागेवर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा अर्ज आलेला नव्हता. ही जागा मला फार आवडते असं नाही, पण ती माझी आहे. चर्चमध्ये माझ्यासाठी बाकाच्या टोकाची जागा सोडतात, खाटीक मला एकटीपुरती चॉप नीट बघून देतो, आणि दर फेब्रुवारीत मी स्वतःच्या हाताने स्वतःचा फॉर्म भरते: सग्डन, क्लिफर्ड, ११ फेब्रुवारी, पत्नी म्युरिएल. बाकी काही नाही. कडवं नाही, डिअरली नाही, सॅडली तर नाहीच. या नोकरीच्या आधी मी एकवीस वर्षं गॅस कंपनीच्या कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर होते, आणि दिवसाला तीस-तीस पत्रं टाइप करायचे. प्रत्येकाच्या दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात सॅडलीने व्हायची. सॅडली, आपली विनंती मान्य करता येत नाही. सॅडली, त्या तारखेस माणूस उपलब्ध नाही. साहेबांना वाटायचं त्याने पत्र मऊ होतं. वाक्याच्या तोंडाशी बसलेल्या त्या शब्दाला कसलंही दुःख होत नव्हतं, हे मी जितकं जाणते तितकं कुणीच जाणत नसेल. क्लिफ गेला तेव्हा तो शब्द माझ्या बोटांत इतका झिजलेला होता की नवऱ्यासाठी वापरणं मला उष्टं ताट वाढल्यासारखं वाटलं. आणि आता दुसऱ्या दरीतून एक बाई बस करून येते, आणि मीच तिला सांगते की बिनधास्त घाला.

संध्याकाळी चहा केला तो तसाच निवला. मी क्लिफच्या खुर्चीसमोर बसून त्याच्यावर चिडत होते. ज्या माणसावर चिडायचं तो चार वर्षांपूर्वी अंगणात कोळसा उचलताना खाली बसला आणि उठला नाही, तेव्हा तसं बघितलं तर भांडणाला काही अर्थ नव्हता. पण चिडले. क्लिफ थॉर्नक्लफच्या गिरणीत मागखात्यात जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. सकाळी सहाला बस पकडायचा, संध्याकाळी यायचा, तेलाचा वास धुऊन टाकायचा, जेवायचा आणि खुर्चीत बसायचा. बोलायचा नाही. भांडायचाही नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी आईकडे तक्रार केली की याला काही सांगितलं तर विहिरीत दगड टाकल्यासारखं होतं, आवाज येतच नाही. आई म्हणाली, दारू पीत नाही ना, मग गप्प बस. मग घरातलं बोलणं माझ्याकडेच आलं. मी त्याला गॅस कंपनीतल्या गोष्टी सांगायची. कोण आलं, काय बोललं, कुणाच्या शेगडीत काय झालं. तो ऐकायचा की नाही देव जाणे. भांडी पुसताना खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा आणि कधी कधी त्याचे ओठ हलायचे, आवाजाशिवाय. मला त्याचा राग यायचा. 'तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोस?' मी विचारायची. 'काही नाही,' तो म्हणायचा. सव्वीस वर्षांतल्या त्याच्या सगळ्या 'काही नाही'ची मोळी बांधली तर घर भरेल.

आणि हा माणूस, ज्याला माझ्याशी बोलायला काही नव्हतं, त्याची कुणाला तरी दुःखाने उणीव भासते. कशाची उणीव? गप्प राहण्याची? गप्पपणाची उणीव भासायला सबंध आयुष्य शेजारी काढावं लागतं, तेव्हा तो हक्क माझाच. त्या बाईला भासते म्हणजे तिच्याजवळ त्याचं दुसरं काहीतरी असणार. मी तिचे हात आठवू लागले. लांब, हाडकुळे, उजव्या तर्जनीवर जुना कापल्याचा वण. केस रुमालाखाली होते, ते कसे होते ते दिसलं नाही, आणि ते दिसलं नाही याचाच मला त्रास व्हायला लागला. तपकिरी कोट चांगला होता, माझ्यापेक्षा चांगला. मी तो कोट क्लिफच्या शेजारी उभा करून बघितला, बसथांब्यावर, गिरणीच्या फाटकापाशी, ओसाड माळावरच्या रस्त्याला. कुठेही उभा केला तरी तो तिथे बसत होता. मी मात्र गिरणीच्या फाटकापर्यंतही कधी गेले नव्हते. माझे वडील कारकून होते. आमच्या घरात गिरणीच्या भोंग्याने उठण्याला कमीपणा मानायचे. मी क्लिफशी लग्न केलं ते त्याच्या गिरणीसकट केलं नाही, फक्त संध्याकाळच्या क्लिफशी केलं. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा तो कुणाचा होता हे मी कधी विचारलंच नव्हतं, आणि आता पेपरात छापून यायची वेळ आली होती. शुक्रवारी दोन्ही दऱ्या वाचणार: वर पत्नी म्युरिएल, कोरडं, आणि खाली ई, सॅडली. ई कोण, हे विचारायला लोक माझ्याच काउंटरवर येणार.

मंगळवारी आमच्या गावात दुकानं आणि कचेऱ्या एक वाजता बंद होतात. मी कोट चढवला आणि थॉर्नक्लफची बस पकडली. मनाशी सबब तयार होती: कार्यालयातून पत्त्याची खात्री करायला आले. खरं काय करायला चालले होते ते मला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. तिचं घर बघायचं होतं. क्लिफची एखादी वस्तू तिच्या शेल्फवर दिसते का ते बघायचं होतं. माळावर बस बर्फातून हळूहळू जात होती आणि मी काचेत स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत होते, तो चेहरा मला मुळीच आवडला नाही. कुणाच्या घरी चोरी करायला जाणारं माणूस एवढं नीटनेटकं कशाला होईल, इतकी मी नीटनेटकी होते.

चौदा नंबरचं दार उघडलं ते एडिथ लंबनेच. मी सबब सांगितली, तिने माझ्या ओठांवरून ती उचलली आणि एकदम खूश झाली. "एवढ्या थंडीत आलात? आत या, आत या. मला एडीच म्हणा. तुमचं नाव काय हो?" मी माहेरचं नाव सांगितलं, मिस हॉलरॉइड. ते तीस वर्षांनी तोंडात घेताना जुना बूट घातल्यासारखं वाटलं, सैल आणि ओळखीचा. तिने चहा ओतला, गुळमट आल्याचा केक कापला. खोली लहान, स्वच्छ. शेल्फवर एक घड्याळ, एक चिनी मातीचा कुत्रा, आईबापांचा फोटो. क्लिफचं काही नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी निराश झाले.

"तुम्ही बहिऱ्या आहात का?" मी विचारलं. एवढं तुसडं मी एरवी बोलत नाही.

"निम्मी," ती हसत म्हणाली. "सगळे मागवाले निम्मे बहिरेच. चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढलीत. अहो, शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही तिथे. म्हणून आम्ही ओठांनी बोलायचो. तोंड मोठं करायचं, आवाज काढायचा नाही. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला पोराच्या बारशाचं सगळं सांगायची, मधले साठ माग चालू असताना. बाहेरचा माणूस आला तर त्याला वाटायचं सगळ्या वेड्या झाल्यात." आणि तिने मला एक वाक्य तसं करून दाखवलं, बिनआवाजाचं. तिचा चेहरा अचानक पंचविशीतला झाला. मला त्यातलं अक्षर कळलं नाही.

"आणि हे तुमचे सग्डन? तेही असंच बोलायचे?"

"क्लिफ?" ती म्हणाली, आणि चहाचा कप खाली ठेवला. "अहो, क्लिफसारखा बोलका माणूस अख्ख्या गिरणीत नव्हता."

मी केकचा घास गिळला. ती बोलत राहिली. सोमवारी सकाळी माग सुरू झाले की सगळं खातं त्याच्या तोंडाकडे बघत असायचं. बाया दोन-दोन माग सांभाळून मान वळवून बघायच्या, म्हणून ताण्याचे धागे तुटायचे, आणि तुटले की जोडायला परत क्लिफच यायचा. त्याच्याजवळ गोष्टी असायच्या. ती म्हणाली, "बायकोच्या. ती कुठेतरी गॅसच्या कचेरीत होती बघा. काय बाई असेल ती. एक गोष्ट सांगते. कुणी बाईनं कंपनीला लिहिलं की माझा मेहुणा स्वैपाकघरात आला की शेगडीची ज्योत विझते, तेव्हा कृपया मेहुण्याशी बोलायला माणूस पाठवा."

ती गोष्ट माझी. ब्रिज स्ट्रीटच्या मिसेस ऑल्डरसनचं पत्र, एकोणसाठ साल. मी ते क्लिफला सांगितलं तेव्हा तो भांडी पुसत होता, आणि हसला नव्हता.

"आणि मग कंपनीनं काय लिहिलं?" एडी म्हणाली आणि तिने तोंड रुंद केलं, भुवया वर नेल्या, ओठ साहेबासारखे आवळले, आणि आवाजाशिवाय, अतिशय दुःखी चेहऱ्याने म्हटलं: सॅडली. हा एक शब्द मला कळला. "सॅडली, कंपनीस नातेवाईकांचे काही करता येत नाही. आम्ही मेलोच हसून. मग क्लिफ म्हणायचा, माणूस गेला की पण. फिटरनं शेगडी पेटवली, मेहुणा आत आला, ज्योत विझली, आणि फिटर टोपी घालून बाहेर पडला. म्हणाला, बाई, मला ज्योतीचं पटतं." एडीने डोळे पुसले. "तेव्हापासून सॅडली आमचाच शब्द झाला बघा. चहा संपला, क्लिफ त्या टोकाहून: सॅडली. मॅनेजर आला: सॅडली. माझी आई गेली त्यानंतर मी कामावर आले, तर कुणी काय बोलावं ते कुणाला सुचेना. क्लिफ हातातला पाना खाली ठेवून समोर उभा राहिला आणि तोच शब्द बोलला. त्या दिवशी चेहरा वाकडा केला नाही. नुसता बोलला. मला रडू आलं तेव्हा कुठे."

फिटरचा तो शेवट माझा नव्हता. तो क्लिफने जोडला होता. माझ्या गोष्टीपेक्षा तो चांगला होता, फार चांगला, आणि मला तो कधी मिळाला नाही. तो खिडकीकडे तोंड करून ताटं पुसायचा आणि ओठ हलवायचा, तेव्हा तो उद्याची तयारी करत होता. माझ्या पाठीमागे, माझ्याच स्वैपाकघरात, माझंच बोलणं घडी घालून या बाईसाठी डब्यात भरत होता, आणि मी विचारलं की 'काही नाही'. मला त्या क्षणी प्रेमप्रकरण असतं तरी चाललं असतं. एखादा रुमाल, एखादं पत्र, माळावरचा रस्ता. त्याचा रीतसर राग करता आला असता. नवऱ्याने माझे विनोद दुसरीला सांगितले, याचा राग येतो असं कुणाला सांगता येईल? पण जळत होतं ते खरं होतं, छातीच्या मध्यावर, केकच्या घासाशी.

"तुमचं आणि त्यांचं..." मी म्हणाले.

"छे हो," एडी म्हणाली. तिला सगळं ओठांवर दिसतं, न बोललेलंही. "आमच्यामध्ये कायम एक चालता माग. पाना हातात नसताना तो माझ्याजवळ कधी उभा राहिला नाही. एकदा फक्त शेवटच्या ख्रिसमसला फाटकाबाहेर भेटला, शांत रस्त्यावर. काय बोलावं दोघांनाही कळेना. तो म्हणाला, थंडी आहे. मी म्हणाले, आहे. झालं. आवाजात त्याला बोलताच येत नव्हतं, बिचाऱ्याला." तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला. "मी त्या बायकोचा फार हेवा करायची हो. आम्हाला निवलेलं मिळायचं. तिला रोज संध्याकाळी ताजं, आवाजासकट, दोघं बसून हसत असतील. नशीबवान बाई."

मी उठले. फॉर्ममध्ये काही अडचण आहे का, तिने दारात विचारलं. नाही, मी म्हणाले, सगळं ठीक आहे. बसमध्ये मी हातमोज्याआड तोंड धरून तो शब्द एकदा करून बघितला, ओठ रुंद, जीभ दाताशी. समोरचा म्हातारा माझ्याकडे बघायला लागला तेव्हा सोडून दिला.

बुधवारी दुपारी बारा वाजता माझं पान खाली छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्यांकडे जातं. पावणेबारापर्यंत दोन्ही फॉर्म माझ्यासमोर होते. मी काय करणार ते मला सकाळीच माहीत होतं. तरी मी पेन्सिलीला टोक केलं, फाईल सरळ केली, एका मोठ्या कुटुंबाला चौतीस नंबर दिला. एडीने काय मागितलं होतं? तिच्या दिवसांतली एक ओळ. तिला कुणाशी स्पर्धा करायची नव्हती, तिने माझ्यापासून काही लपवलंही नव्हतं. तिने मला चहा दिला, आणि माझा नवरा मला दाखवला, जो मी पाहिलेला नव्हता. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. पण कळण्याने हात थांबत असते तर जगात बरंच काही झालं नसतं. तिच्याजवळ त्याचं बोलणं होतं, वीस वर्षांचं. माझ्याजवळ खुर्ची होती. त्यात आता तिने उणीवही न्यायची, छापून, नावाखाली? मी तिचा फॉर्म उचलून तारेच्या खिळ्यावर खोचला, जिथे रद्द झालेले कागद जातात. मग माझा फॉर्म घेतला, आणि तारीख व पत्नी म्युरिएल यांच्यामधल्या कोऱ्या जागेत, चार वर्षं मी जी कोरी ठेवली होती तिथे, लिहिलं: सॅडली मिस्ड. अक्षर जरा मोठं आलं. खालून पोऱ्याने नाही, फोरमनने स्वतः येऊन कागद नेले, कारण त्याला बेरिलशी गप्पा मारायच्या असतात.

शुक्रवारी सकाळी बेरिलने पेपर उघडला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बरं केलंस गं म्युरिएल," ती म्हणाली. "चार वर्षं नुसतं नाव आणि तारीख. आमची आई म्हणायची, ही बाई नवऱ्याची आठवण काढतेय की त्याच्यावर समन्स बजावतेय?" मी हसले. दिवसभर दोघा-तिघांनी तसंच काहीतरी म्हटलं. खाटकाच्या बायकोने तर माझा हात दाबला. चार वर्षांत त्या जागेवर मी एवढी घट्ट कधी बसले नव्हते, आणि तो दिवस मला कसा काढू असं झालं होतं.

ती साडेतीनला आली. तोच कोट, रुमालावर बर्फाचे कण, बगलेत घडी घातलेला पेपर. बेरिल जागेवर होती, फोन शांत होता. मी उठून उभी राहिले. मला वाटलं, आता ती त्या मोठ्या आवाजात विचारणार, आणि बेरिल ऐकणार, आणि सोमवारपर्यंत दोन्ही दऱ्या ऐकतील. माझ्याजवळ उत्तर तयार होतं. जागा नव्हती, उशीर झाला, खालच्यांनी गाळलं. एकवीस वर्षं मी लोकांना नाही म्हटलेलं आहे.

"माझी नाही आली," एडी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने पेपर काउंटरवर उघडला आणि हाडकुळ्या बोटाने ती ओळ दाखवली. "पण बरंच झालं. हे बघितलंत? तिने घातला. बायकोने. या वर्षी तिने घातला तो शब्द."

मी मान हलवली.

"मी दर वर्षी बघायची हो. पेपर आणून पहिलं तेच. नाव, तारीख, बस्स. शब्द खरा तिचाच, तिच्या कचेरीतला, तिच्याकडून त्यानं आणला आणि आम्हाला दिला. आणि त्याच्या नावाखाली मात्र तो नाही. मला वाटायचं, त्याच्यावर रागावलीय का ही? यंदा म्हणलं, कुणीतरी घालायला हवा, म्हणून मी आले होते. माझ्यासाठी नव्हे. तो जिथे असेल तिथून वाचत असला तर नुसतं नाव बघून काय वाटेल त्याला." तिने पेपराची घडी घातली, ती ओळ आत जाईल अशी. "आता तिने घातलाय म्हणजे माझी काही गरज नाही. माझी पुढच्या वर्षीही नको."

बेरिलने टाइप करणं थांबवलं होतं. ती आमच्याकडे बघत होती.

एडी जायला वळली आणि दारापाशी थांबली. तिथून तिने, बेरिलला वगळून, माझ्याकडे बघत, आवाजाशिवाय, एकेक शब्द मोठा करून विचारलं. मला पहिल्यांदाच सगळं वाक्य कळलं. तुम्ही ओळखता का तिला?

बेरिल कान देऊन बसलेली होती. मी आवाज काढला नाही. ओठ रुंद केले, जितके करता येतील तितके, आणि म्हटलं: फारशी नाही.

एडीने ते वाचलं. नंतरही ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हातमोजे घातले आणि बससाठी निघून गेली.